इंटर्नशिपचा स्टायपेंड आणि पहिला रिटर्न: इंदूरच्या विद्यार्थ्यांसाठी

जून लागला की इंदुरातल्या मराठी घरांमधून मला तोच प्रश्न येतो. "काका, ऑफर लेटरवर महिना २५ हजार लिहिलेत, खात्यात मात्र साडेबावीसच आले. सहा महिन्यांचे १५ हजार गेले कुठे?"

कुठे गेलेले नसतात. कंपनीने ते टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, म्हणून कापून तुमच्या पॅनवर सरकारजमा केलेले असतात. बहुतेक विद्यार्थ्यांचं वर्षाचं उत्पन्न कर लागण्याइतकं नसतंच, त्यामुळे वेळेत रिटर्न (वर्षाच्या उत्पन्नाचं आयकर विवरणपत्र) भरला की सगळे पैसे परत मिळतात. रिटर्न भरला नाही तर ते आपोआप परत येत नाहीत आणि कोणी फोन करून आठवणही देत नाही. पहिल्या कमाईतला हा वाटा पोरं सोडून देतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

एसजीएसआयटीएस, देवी अहिल्या विद्यापीठाचं आयईटी, सिमरोलचं आयआयटी, होळकर कॉलेज, कुठेही शिकत असाल. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत, विजयनगरच्या स्टार्टअपमध्ये, पीथमपूरच्या कारखान्यात किंवा घरीच लॅपटॉप उघडून पुण्या-बंगळुरूच्या कंपनीचं काम करत असाल, तर पुढचं वाचा. आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. आयकर खात्याच्या पोर्टलवर त्यासाठी असेसमेंट इयर (कर ठरवण्याचं वर्ष) २०२६-२७ निवडायचं.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. स्टायपेंड म्हणजे पगार, फी की शिष्यवृत्ती, हे होस्टेलच्या मित्रांना विचारून ठरवू नका. कंपनीने तुम्हाला काय लिहून दिलंय आणि आयकर खात्याला काय कळवलंय, ते दोन कागद समोर ठेवून ठरवा.

रिटर्न भरावाच लागतो का?

नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. वर्षाचं सगळं उत्पन्न, म्हणजे स्टायपेंड, बँकेचं व्याज, शिकवण्यांचे पैसे, सगळं मिळून ४ लाखांच्या आत असेल तर सहसा सक्ती नाही. पण इथे एक गैरसमज फार पसरलाय. "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग रिटर्न कशाला?" १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो कलम ८७ए च्या सवलतीमुळे, आणि ही सवलत रिटर्नमध्ये दाखवावी लागते. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न बंधनकारक आहे, भरायचा कर शून्य असला तरी.

उत्पन्न कमी असूनही सक्ती लागू होते अशा काही बाबी आहेत. वर्षभरात टीडीएस आणि टीसीएस (काही व्यवहारांत विकणाऱ्याने गोळा केलेला कर) मिळून २५ हजार किंवा जास्त कापले गेले असतील तर रिटर्न भरावा लागतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या परदेश प्रवासावर तुम्ही २ लाखांपेक्षा जास्त खर्च केला असेल तरीही.

मध्य प्रदेश सरकारच्या मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजनेत शिक्षणाप्रमाणे महिना ८ ते १० हजार मिळतात. दहा हजारांनी वर्षभर मिळाले तरी १ लाख २० हजार होतात. तेवढीच कमाई असेल तर कराची भीती बाळगायचं कारण नाही.

एक महिना काम केलं, १५ हजार मिळाले, टीडीएस नाही, दुसरं उत्पन्न नाही, अशांनी रिटर्न नाही भरला तरी बिघडत नाही. शून्याचा रिटर्न भरून देतो म्हणून कोणी हजार रुपये मागत असेल तर देऊ नका. टीडीएस कापला असेल तर मात्र रक्कम दोन हजार असो की वीस हजार, भराच.

आईवडिलांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "मुलीची कमाई माझ्या उत्पन्नात धरतील का?" नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलीचं उत्पन्न तिचंच. अठरा पूर्ण नसली, तरी स्वतःच्या मेहनतीने किंवा कौशल्याने कमावलेलं तिच्याच नावावर धरतात, वडिलांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत.

आधी नाव जुळवा

इंदूरच्या मराठी मुलांचं घोडं फार वेळा इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन पदरी नाव लिहायची पद्धत. मध्य प्रदेशातल्या शाळांत मात्र वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात जातं आणि मार्कशीटवर नुसतं नाव-आडनाव राहतं. मग होतं असं की मार्कशीटवरून काढलेल्या आधारवर दोन शब्द, वडिलांनी हौसेने काढून दिलेल्या पॅनवर तीन, आणि बँकेने मधल्या नावाचं एकच अक्षर घेतलेलं. वर आडनावाचं स्पेलिंग एकीकडे हिंदी उच्चाराप्रमाणे, दुसरीकडे मराठी.

माणसाला हे सगळं एकच नाव वाटतं, संगणकाला वाटत नाही. पॅन आणि आधार लिंक होत नाही, बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट (तपासून मंजूर) होत नाही, आणि व्हॅलिडेट न झालेल्या खात्यात रिफंड येत नाही. म्हणून रिटर्नला हात लावण्याआधी पॅन, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आधी ठरवा कोणता कागद बरोबर धरायचा. शक्यतो आधार धरा, कारण पुढे सगळीकडे तेच विचारतात. मग पॅनची दुरुस्ती पॅनचं काम बघणाऱ्या प्रोटियन (आधीचं एनएसडीएल) किंवा यूटीआयआयटीएसएल या कंपन्यांच्या साइटवरून होते, बँकेची दुरुस्ती शाखेत केवायसी अर्ज देऊन. याला दिवस लागतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात केलीत तर हाती काही लागणार नाही.

पॅनच नसेल आणि तुम्ही सज्ञान असाल, तर आयकर पोर्टलवर आधारच्या ओटीपीवर ई-पॅन फुकट मिळतं. त्यासाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा. बऱ्याच मुलांच्या आधारला अजून बाबांचाच नंबर असतो. बाबा देवासला आणि तुम्ही भंवरकुआँच्या खोलीवर, अशी स्थिती असेल तर ओटीपीच्या वेळी त्यांना फोनजवळ बसवा, किंवा आधार केंद्रात जाऊन आपला नंबर जोडून घ्या.

इंटर्नशिप सुरू होतानाच पॅन कंपनीला द्या. पॅन दिलं नाही, किंवा आधारशी लिंक नसल्यामुळे ते निष्क्रिय झालं असेल, तर कंपनीला १० ऐवजी २० टक्के टीडीएस कापावा लागू शकतो. पॅनच दिलेलं नसेल तर ते पैसे तुमच्या नावावर दिसतही नाहीत.

२६एएस उघडा आणि ओळ वाचा

२६एएस म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता. तो बघायला पोर्टलवर लॉगिन करा. युजर आयडी म्हणजे तुमचं पॅन. ई-फाइल, त्यात इन्कम टॅक्स रिटर्न्स, त्यात व्ह्यू फॉर्म २६एएस. पोर्टल तुम्हाला ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएसच्या साइटवर नेतं. तिथे असेसमेंट इयर निवडून पीडीएफ उतरवा. पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, सलग आठ आकडे: दिवस, महिना, वर्ष.

पहिल्या भागात कंपनीचं नाव, तिचा टॅन (कर कापणाऱ्याला मिळालेला नंबर) आणि एकूण रक्कम दिसते. त्याखाली प्रत्येक वेळच्या पैशाची एकेक ओळ. त्या ओळीत चार गोष्टी बघायच्या. कलम कोणतं: १९२ (पगार), १९४जे (व्यावसायिक किंवा तांत्रिक फी) की १९४सी (कंत्राटी काम). दिलेली रक्कम किती, म्हणजे टीडीएस कापण्याआधीची. कर किती कापला. आणि बुकिंगच्या रकान्यात कोणतं अक्षर आहे. एफ असेल तर पैसे सरकारकडे जमा होऊन हिशेब जुळलाय. यू असेल तर कंपनीने कळवलेला आणि भरलेला आकडा जुळलेला नाही, आणि तो जुळेपर्यंत तुमचा रिफंड अडकतो.

मग पोर्टलवरच एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची यादी, बघा. त्यात बचत खात्याचं व्याज, एफडी, शेअरचे व्यवहार, सगळं येतं. त्याच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि त्याला लागून जन्मतारीख.

जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएसचं विवरण कंपनीने ३१ मेपर्यंत द्यायचं असतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये २६एएस उघडून आकडा अपुरा दिसला तर घाबरू नका. जूनच्या मध्यानंतर पुन्हा बघा.

तेव्हाही टीडीएस दिसला नाही तर कंपनीच्या अकाउंट्स विभागाला लेखी मेल टाका. पॅन, महिना, कापलेली रक्कम, सोबत स्टायपेंडची स्लिप. पॅनचं एखादं अक्षर चुकलं असेल तर सुधारित विवरण भरून कंपनीच ते दुरुस्त करू शकते. तुम्ही किंवा तुमचा सीए नाही. फोनवर "बघतो" म्हणतात आणि राहून जातं. मेल असला की पुढे दाखवायला पुरावा राहतो.

पगार, फी की शिष्यवृत्ती?

आता खरा प्रश्न. स्टायपेंड नावाचं उत्पन्नाचं वेगळं खातं आयकर कायद्यात नाही. कागद काय सांगतात त्याप्रमाणे तो चारपैकी एका जागी बसतो.

कंपनीने कलम १९२ खाली दाखवलं असेल, फॉर्म १६ (पगारावरच्या टीडीएसचा दाखला) दिला असेल, स्लिपवर पीएफ किंवा मध्य प्रदेशचा वृत्तिकर कापलेला दिसत असेल, तर तो पगार. पगाराला नव्या करप्रणालीत ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन (ठोक वजावट) आपोआप मिळते. (आपल्या राज्यात वर्षाला २ लाख २५ हजारांपर्यंतच्या पगाराला वृत्तिकर नाही. त्याहून कमी पगारावर तो कापला असेल तर कंपनीला जरूर विचारा.)

कलम १९४जे असेल, कागद फॉर्म १६ए (पगार सोडून इतर रकमेवरच्या टीडीएसचा दाखला) असेल, करारात प्रोफेशनल फी किंवा कन्सल्टंट असा शब्द असेल, तर कंपनीने तुम्हाला कर्मचारी मानलेलं नाही. बाहेरून सेवा देणारा मानलंय. २०२५-२६ मध्ये वर्षाला ५० हजारांच्या वर रक्कम गेली की यात टीडीएस लागतो: व्यावसायिक सेवेवर १० टक्के, तांत्रिक सेवेवर २ टक्के. इंजिनीअरिंग, माहिती तंत्रज्ञान, आर्किटेक्चर, अकाउंटन्सी, इंटिरिअर, कायदा अशा ठरावीक व्यवसायांतलं काम असेल तर कलम ४४एडीए वापरता येतं. मिळालेल्या रकमेच्या किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची, खर्चाच्या वह्या ठेवायची गरज नाही.

तिसरी जागा म्हणजे इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न. लेटरवर नुसता स्टायपेंड असा शब्द, नोकरीचं नातं नाही, टीडीएस नाही किंवा काम त्या ठरावीक व्यवसायांत बसत नाही (सोशल मीडिया, विक्री, मजकूर लिहिणं), तर इथे दाखवा.

चौथी शिष्यवृत्ती. शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून मिळालेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) प्रमाणे करमुक्त आहे. गेट देऊन एम.टेक. करणाऱ्यांना मिळणारे महिना १२,४०० रुपये सहसा यातच धरतात. पण कंपनीने काम करून घेऊन दिलेल्या पैशाला शिष्यवृत्ती म्हणणं टिकत नाही. निकष साधा आहे: काम केलं नसतं तरी पैसे मिळाले असते का? मिळाले असते तर शिष्यवृत्ती, नाहीतर कमाई. करमुक्त शिष्यवृत्ती रिटर्नमध्ये सूट असलेल्या उत्पन्नाच्या रकान्यात लिहावी; लपवण्यासारखं त्यात काही नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो लेटरवर स्टायपेंड आणि २६एएसमध्ये १९४जे असं असतं तेव्हा. इथे सल्लागारांमध्येही दोन मतं आहेत. माझं मत सांगतो. काम त्या ठरावीक व्यवसायातलं असेल, म्हणजे कोडिंग, डिझाइन ड्रॉइंग, ऑडिटची मदत, तर ४४एडीए खाली दाखवा. खात्याकडे कंपनीने कळवलेल्या कलमाशी ते जुळतं आणि नंतर प्रश्न कमी येतात. काम तसं नसेल तर इतर स्रोतांत दाखवा आणि ऑफर लेटर जपून ठेवा. कर दोन्हीकडे शून्यच येत असेल तर रिफंडही दोन्हीकडे तेवढाच येतो, त्यामुळे यावर रात्र जागवायची गरज नाही. फक्त कर वाचवण्यासाठी आज एक आणि उद्या दुसरं असं करू नका.

रोख मिळालेला स्टायपेंडही उत्पन्नच आहे. बिलं देऊन परत मिळालेलं बसभाडं उत्पन्न नाही. बिलाशिवाय दरमहा ठोक मिळालेला भत्ता स्टायपेंडमध्येच धरायचा.

परदेशी कंपनीचं काम इंदुरात बसून केलं तरी भारतात राहणाऱ्याला जगभरातल्या कमाईचा हिशेब इथे द्यावा लागतो. डॉलरचे रुपये स्टेट बँकेच्या टेलिग्राफिक ट्रान्सफर खरेदी दराने करतात. रक्कम मोठी असेल तर हे एकदा सीएला दाखवून घ्या.

कोणता फॉर्म

पगार किंवा इतर स्रोत, आणि बँकेचं व्याज, एवढंच असेल तर आयटीआर-१, म्हणजे सहज. ४४एडीए वापरलं तर आयटीआर-४, म्हणजे सुगम. त्यात पगार आणि व्याजही दाखवता येतं.

शेअर विकून थोड्या दिवसांचा नफा झाला असेल तर आयटीआर-२. फ्युचर्स-ऑप्शन्स केले असतील, अगदी तोटा झाला असला तरी, आयटीआर-३. क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे आणि ४ लाखांची मर्यादा त्याला लागू नाही. ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या पैशालाही ३० टक्केच. स्टार्टअपने स्टायपेंडसोबत स्वतःचे अनलिस्टेड (शेअर बाजारात नोंद नसलेले) शेअर नावावर केले असतील तर सहज-सुगम दोन्ही चालत नाहीत. यातलं काही असेल तर एकट्याने फॉर्म भरायला बसू नका.

भरताना: दोन हिशेब

पहिला हिशेब. समजा, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. विजयनगरच्या सॉफ्टवेअर कंपनीत सहा महिने, महिना २५ हजार, १९४जे खाली १० टक्के कपात. एकूण १,५०,०००, टीडीएस १५,०००, खात्यात आले १,३५,०००. रिटर्नमध्ये उत्पन्न १,५०,०००च लिहायचं. १,३५,००० नाही. सगळ्यात जास्त मुलं इथेच चुकतात, बँकेचं पासबुक बघून आकडा टाकतात. मग उत्पन्न २६एएसपेक्षा कमी दिसतं आणि कापलेला कर मात्र पूर्ण मागितलेला, म्हणजे खात्याला शंका येणारच. ४४एडीए खाली मिळालेली रक्कम १,५०,०००, नफा किमान ७५,०००. बचत खात्याचं व्याज १,२०० असेल तर तेही इतर स्रोतांत. एकूण ७६,२००. कर शून्य, रिफंड १५,०००.

दुसरा हिशेब शेवटच्या वर्षातून नोकरीत गेलेल्या मुलाचा. एप्रिल ते जून इंटर्न, महिना ४० हजार, १९४जे, टीडीएस १२,०००. जुलैपासून दुसऱ्या कंपनीत नोकरी, महिना ६० हजार, मार्चपर्यंत ५,४०,०००. पगारातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन गेली की ४,६५,००० उरतात. इंटर्नशिपचे १,२०,००० पूर्ण धरले तरी एकूण ५,८५,०००. ४ लाखांच्या वर, म्हणून रिटर्न बंधनकारक. १२ लाखांच्या आत, म्हणून ८७ए ची सवलत आणि कर शून्य. १२,००० परत. हा मुलगा "फॉर्म १६ मध्ये कर शून्य आहे" म्हणून गप्प बसला तर नियमही मोडतो आणि पैसेही जातात.

पोर्टलवर फॉर्म आधीच अर्धा भरून येतो. तो तसाच पुढे ढकलू नका. प्रत्येक आकडा २६एएस आणि स्लिपांशी ताडून बघा. आयटीआर-४ मध्ये हातातली रोकड, येणं-देणं असे थोडे आकडे विचारतात, खरे असतील ते लिहा. नवी करप्रणाली आधीच निवडलेली असते, विद्यार्थ्याला तीच ठेवणं सोयीचं. जुनी हवी असेल तर आयटीआर-१ मध्ये निवड बदलता येते, आयटीआर-४ वाल्यांना त्यासाठी मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. टीडीएसच्या रकान्यात कंपनीचा टॅन आणि कलम बरोबर आलंय ना, बघा. शेवटी रिफंडसाठी व्हॅलिडेट झालेलं खातं निवडा.

फॉर्म १५जी देऊन टीडीएस थांबवता येईल का, असं बरेच जण विचारतात. २०२५-२६ मध्ये तो एफडीच्या व्याजासारख्या उत्पन्नासाठी होता. १९४जे किंवा १९४सी च्या कपातीला तो चालत नव्हता, त्यामुळे एचआरशी त्यावरून वाद घालू नका.

व्हेरिफाय केल्याशिवाय काम संपत नाही

सबमिट दाबलं, हिरवी खूण आली, लॅपटॉप मिटला, असं करू नका. रिटर्न आपणच भरला याची ऑनलाइन खात्री देणं म्हणजे ई-व्हेरिफाय; ३० दिवसांत ते केलं नाही तर रिटर्न भरल्यासारखा धरत नाहीत. आधार ओटीपीने लगेच होतं. नेट बँकिंगनेही होतं. काहीच जमलं नाही तर पोचपावतीवर सही करून ती बंगळुरूच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते.

तारीख ३१ जुलै धरून चला. आयटीआर-४ वाल्यांना एखाद्या वर्षी जास्त वेळ मिळतो, सरकार कधी मुदतही वाढवतं, पण त्या भरवशावर राहू नका. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचा रिटर्न भरता येतो आणि त्यातही रिफंड मिळतो. उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल तर सहसा विलंब शुल्क नाही. त्याच्या वर आणि ५ लाखांपर्यंत १,००० रुपये, त्याहून जास्त असेल तर ५,०००. डिसेंबरही गेला तर पुढे अपडेटेड रिटर्नची सोय आहे, पण तिच्यातून रिफंड मागता येत नाही. टीडीएसचे पैसे हवे असतील तर ३१ डिसेंबर ही शेवटची तारीख समजा.

रिफंडच्या नावाने येणारी माणसं आणि मेसेज

जुलैत खोल्यांवर, कॉलेजच्या ग्रुपवर जाहिराती फिरतात: "जास्तीत जास्त रिफंड, फी रिफंडच्या टक्क्यात." ही माणसं जुनी करप्रणाली निवडून तुमच्या नावावर न दिलेलं घरभाडं, न भरलेला विमा, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी दाखवतात. सही तुमची, पॅन तुमचं, आणि दोन वर्षांनी नोटीस येते तीही तुम्हालाच. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर अशा खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर मोठी कारवाई केली. ज्याला कर शून्यच आहे त्याचा पूर्ण टीडीएस सरळ मार्गाने परत येतो, मग टक्केवारी कशाची द्यायची?

आणि "तुमचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर, इथे क्लिक करा" असा मेसेज आला तर लिंक उघडू नका. रिफंडसाठी आयकर खातं कार्डचा नंबर, पिन किंवा ओटीपी विचारत नाही. रिफंड कुठवर आला ते पोर्टलवर लॉगिन करूनच बघा.

रिटर्ननंतर

काही दिवसांत किंवा आठवड्यांत कलम १४३(१) ची सूचना मेलवर येते. नाव ऐकून दचकू नका, ती प्रत्येकाला येते. डावीकडे तुमचे आकडे, उजवीकडे खात्याचे. दोन्ही जुळले तर काम झालं. टीडीएस कमी धरला असेल तर २६एएस पुन्हा उघडून बघा. तिथे रक्कम असूनही दिलेली नसेल तर पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. १३९(९) ची सूचना आली तर रिटर्नमध्ये त्रुटी आहे असं खात्याचं म्हणणं असतं. त्याला सहसा १५ दिवसांत उत्तर द्यायचं. १९४जे ची रक्कम इतर स्रोतांत दाखवणाऱ्यांना ही कधी येते. चूक असेल तर सुधारून भरा, नसेल तर असहमत निवडून कारण लिहा. ऑफर लेटर जपून ठेवा म्हटलं ते यासाठीच.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला आयकर कायदा २०२५ लागू आहे. आर्थिक वर्ष आणि असेसमेंट इयर अशी दोन नावं जाऊन एकच कर वर्ष आलंय आणि कलमांचे आकडेही बदललेत, १९२ आणि १९४जे हे आकडे पुढे तुम्हाला दिसणार नाहीत. या लेखातल्या वर्षाचा रिटर्न मात्र १९६१ च्या कायद्यानेच भरायचा.

ऑफर लेटर, स्लिपा, फॉर्म १६ किंवा १६ए, २६एएस, पोचपावती आणि १४३(१) ची सूचना, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. वर्षाच्या मध्येच नोकरी लागली आणि आधीची इंटर्नशिप पगार म्हणून धरलेली असेल, तर नवी कंपनी आधीच्या पगाराचा फॉर्म भरून मागेल. त्यात आधीचा पगार आणि कापलेला कर लिहून दिला की नव्या कंपनीचा हिशेब पहिल्याच महिन्यापासून बरोबर बसतो आणि मार्चमध्ये एकदम मोठी कपात होत नाही.